सराटा ड्युटीवर गेला

मार्च लागला की आमच्या गल्लीत दोन आवाज एकदमच सुरू होतात. एक माळ्यावरून कूलर उतरवण्याचा आणि दुसरा पाठांतराचा. कूलरच्या जाळ्या काढून त्यातलं गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत अंगणात झटकायचं, नवं भरायचं, मोटार एकदा फिरवून बघायची. आणि त्याच वेळी कुठल्यातरी गच्चीवर एखादी पोरगी येरझारा घालत इतिहासाची उत्तरं घोकत असते. दिग्रसच्या जिनिंगमधली धावपळ तोवर ओसरलेली असते, तरी कापसाच्या गाड्यांमधून उडालेले पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना अजून चिकटलेले असतात. गावाबाहेर पडलं की पळस फुललेला दिसतो. ओल्या वाळ्याचा पहिला वास घरात शिरला की माझ्या नाकाला आधी परीक्षाच आठवते. परीक्षा द्यायचं वय उलटून जमाना झाला, घ्यायचंही संपलं, पण नाकाला ते कोणी सांगितलेलं नाही.

या दिवसांत पूर्वी आमच्या घरात मोठ्यानं बोलायची सोय नसायची. समोरच्या खोलीत ह्यांचा इंग्रजीचा क्लास चाले. ह्यांचा म्हणजे माझ्या नवऱ्याचा. लेखात नवऱ्याला 'हे' म्हणणं फार जुनाट दिसतं असं पुण्याची माझी लेक म्हणते. दिसत असेल. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, सर्वनामांचे प्रकार पोरांकडून पाठ करून घेतले, पण ह्यांच्यासाठी मला दुसरं सर्वनाम कधी सापडलं नाही. तेव्हा ते तसंच राहू दे.

हे शाळेतही इंग्रजीच शिकवत. निवृत्त झाल्यावर घरी दहावीची पोरं घेऊ लागले. वर्षभर धडे, कविता, निबंध सगळं व्हायचं, पण परीक्षा तोंडावर आली की शेवटच्या दिवसांत ह्यांचा एक लाडका पाठ ठरलेला असे. पेपरात त्याचे गुण जेमतेम. आणि हे त्याच्यावर अख्खी सकाळ घालवत. एखादी गोष्ट कामात आणणं, या एवढ्याशा अर्थासाठी इंग्रजीत कितीतरी क्रियापदं आहेत. त्यातलं कोणतं कुठे निवडायचं, असा तो पाठ. यूज, युटिलाइज, एम्प्लॉय, अप्लाय. पोरांना वाटे, काय फरक पडतो? ठोकून द्यावं एखादं. ह्यांना फार फरक पडे.

आणि तो फरक सांगायला त्यांना माझा सराटा लागे.

सराटा म्हणजे उलथनं. तिकडे पुण्या-मुंबईकडे कोणी उलथनं म्हणतात, कोणी कालथा. आमच्याकडे सराटा. माझा लोखंडी आहे, लांब दांड्याचा, टोकाला जरासा वाकलेला. सकाळी मी तव्यावर धिरडं घालावं, कडा सुटू लागल्यावर भिंतीवरच्या खिळ्याकडे हात न्यावा, तर खिळा रिकामा. धिरडं काही हातानं उलथता येत नाही. मग मी तिथूनच ओरडायची,

"अवो, माहा सराटा कुठी गेला?"

समोरच्या खोलीतून अगदी शांत आवाजात उत्तर यायचं, "ड्युटीवर गेला हाय. पोरं सुटले का येते घरी."

पोरं खिदळायची. मी तणतणत जायची आणि दारात थांबून ऐकत राहायची. हे माझा सराटा हवेत धरून उभे असत. "हे पाहा," ते म्हणत, "सराटा धिरडं उलथते. ज्या कामासाठी त्याचा जन्म झाला तेच काम करून राह्यला. तिथं साधं यूज. उगाच मोठा शब्द घालून शायनिंग मारू नका." मग ते डबा घेत, त्याच्या घट्ट बसलेल्या झाकणात सराट्याचं टोक घालून ते उचकटत. "आता हे काय त्याचं काम होय का? नाही. पण हाताशी पडला होता, कामी आणला. युटिलाइज." मग सराटा टेबलावर तीनदा आपटत. सगळी पोरं गप्प. "आता हा मी मुद्दाम, विचार करून, तुमच्यासारख्यांना गप करायच्या कामावर नेमला. एम्प्लॉय." शेवटी एखादी पोरगी हमखास विचारी, "आन् अप्लाय, सर?" तेव्हा हे दाराकडे, माझ्याकडे बघत. "ते मॅडमले विचारा. धिरड्यावर तूप लावतात ते अप्लाय. या घरात सध्या बंद हाय, डॉक्टरनं सांगितलं म्हणून."

असा एकच सराटा चार क्रियापदं करून दमून परत यायचा. तोवर धिरड्याचं जे व्हायचं ते झालेलं असायचं.

मी मराठीची, ते इंग्रजीचे, त्यामुळे आमच्या घरात भांडायला विषय शोधावे लागत नसत. मी म्हणायची, तुमच्या इंग्रजीचं मोठं कौतुक, पण कंगवा असो की कुऱ्हाड, तुमचं आपलं यूज. आमच्याकडे बघा. साबण लावतात, पाणी घेतात, कंगव्यानं विंचरतात, विळीवर चिरतात. जुनं लुगडं गोधडीच्या कामी येतं. माणूस कामाला लावतात. प्रत्येक वस्तूचं आपलं आपलं क्रियापद असतं. तुम्ही सगळ्यांना एकाच दावणीला बांधता. ते ऐकून घेत, चहाचा कप खाली ठेवत आणि म्हणत, "म्हणून तं एवढे चार शब्द जीव लावून शिकवतो न. तेवढे तरी पोरांनी सांभाळून वापरावेत." सांभाळून वापरणं हा ह्यांचा स्वभावच होता. सायकल, छत्री, शब्द, सगळंच.

दोन वर्षांपूर्वी संक्रांत झाली आणि एका सकाळी दात घासता घासता ते मोरीपाशी बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली. लकवा, शेजारी म्हणाले. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, तिथून बऱ्याच दिवसांनी घरी आणलं, मधल्या खोलीत लोखंडी पलंग टाकला. जीव वाचला होता. वाचा गेली होती.

मी ज्या मोसमाबद्दल लिहायला बसले आहे, तो हा. ह्यांचा शेवटचा परीक्षेचा मोसम. संक्रांतीनंतरची थंडी संपून कूलर उतरेपर्यंत आणि मग शेवटचा पेपर होऊन गल्ली चिडीचूप होईपर्यंतचे ते दिवस. त्यानंतरही ते काही महिने होते, पण मला आठवतात ते हेच दिवस. या दिवसांत मला फक्त एकच गोष्ट हवी होती. मी ओरडावं आणि समोरून उत्तर यावं. ड्युटीवर गेला हाय. बस, एवढंच. ह्यांनी चालावं, लिहावं, पुन्हा शिकवावं असलं काही मी देवापाशी मागितलं नाही. मागणी लहान ठेवली म्हणजे पदरात पडते अशी माझी समजूत होती.

यवतमाळला बोलण्याचा व्यायाम शिकवणाऱ्या एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी मला शिकवलं. म्हणाल्या, "काकू, वस्तूचं नाव नका विचारू त्यांना. वस्तू हातात द्या आन् विचारा, हिचं काय करतात? क्रियापद येऊ द्या. क्रियापद आलं की वाक्य मागून येते." मी मनात म्हटलं, बाई गं, तू कोणाच्या घरी क्रियापद मागून राह्यली आहेस तुला ठाऊक नाही.

मग रोज सकाळी आमचा क्लास सुरू झाला. पूर्वी हे माझ्या स्वयंपाकघरातून वस्तू उचलून क्लासात नेत. आता मी त्याच वस्तू उचलून ह्यांच्या पलंगापाशी आणायची. स्टुलावर मांडायची. कंगवा, साबण, चमचा, कुलूप, सुईदोरा, सराटा. एकेक त्यांच्या डाव्या हातात द्यायची आणि विचारायची, "हे काय कामाचं? याचं काय करतात?" ते वस्तूकडे बघत, मग माझ्याकडे. ओठ हलत, एका बाजूनंच. घशातून काहीतरी निघे आणि वाटेत मोडून पडे. मी घाई न करता थांबायची. वर्गात ढ पोरासाठी थांबावं तसं थांबायची, आणि तसं थांबताना माझा जीव तुटायचा, कारण समोरचा माणूस ढ नव्हता. त्याला सगळं कळत होतं.

क्लासची पोरं येतच राहिली. मी त्यांना सांगितलं होतं की बाबांनो, दुसरीकडे लावा क्लास, आता ऐन परीक्षेत तुमचं नुकसान नको. त्यांनी ऐकलं नाही. ठरलेल्या वेळी येत, समोरच्या खोलीत आपापलं बसत, एकमेकांना प्रश्न विचारत. त्यात प्रणाली नावाच्या एका पोरीचा भाऊ होता, आमच्या मागच्या गल्लीतला, तो म्हणाला, "काकू, सरचा आवाज नसला तरी सर तं हायेत न आतमधी. घरी बसलं का टीव्ही दिसते." मधलं दार आम्ही उघडं ठेवत असू. पोरं मोठ्यानं वाचत, हे पडल्या पडल्या ऐकत. कोणी चुकलं की ह्यांच्या कपाळावर आठी पडे. ती आठी मात्र दोन्ही बाजूंनी सारखी पडायची, आणि ती बघून मला बरं वाटे.

आणि मग एक दिवस शब्द आला. कंगवा हातात होता. मी विचारलं, "याचं काय करतात?" त्यांनी कंगवा थोडा वर उचलला आणि म्हणाले,

"यूज."

स्पष्ट. शेवटचा ज सुद्धा नीट. मी उठून उभी राहिले. समोरच्या खोलीतली बडबड थांबली, दारात चारदोन डोकी दिसू लागली. मी पुण्याला लेकीला फोन लावला, फोनवर मला बोलता येईना, तिला वाटलं काहीतरी वाईट झालं. मी फोन ह्यांच्या तोंडाशी धरला आणि कंगवा दाखवला. "यूज," ते म्हणाले. तिकडे लेक रडायला लागली. त्या दिवशी मी डॉक्टरला न विचारता धिरड्यावर तूप घातलं.

दुसऱ्या दिवशी साबण दिला. यूज. चमचा दिला. यूज. कुलूप, सुईदोरा, पाण्याचा पेला, चष्मा, सगळ्याचं यूज. तहान लागली तर यूज, पाठ दुखली तर यूज, खिडकीत चिमणी आली तरी यूज. आठवडा गेला, दुसरा गेला. दुसरा शब्द येईना. मॅडमना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "होते असं कधी कधी, काकू. एखादाच शब्द राहून जाते. आयुष्यात जो खूप बोलला असेल तो." मी विचारलं, बाकीचे येतील का? त्या म्हणाल्या, प्रयत्न सोडू नका. शाळेत मीही पालकांना असंच उत्तर द्यायची. त्याचा अर्थ मला ठाऊक होता.

ज्या माणसानं अख्ख्या तालुक्यातल्या पोरांना चार क्रियापदांमधला फरक सांगितला, त्याच्याकडे एकच उरावं, आणि तेही सगळ्यांत ढोबळ, याचा मला फार राग आला. कोणावर काढायचा तो कळत नव्हतं. मी हट्टाला पेटले. मराठी घेऊन बसले. कंगव्यानं विंचरतात. विंचरतात. विळीवर चिरतात. जात्यात दळतात. सुपानं पाखडतात. सराट्यानं उलथतात. लहान बाळाला बडबडगीत म्हणावं तशी मी ह्यांना माझ्या भाषेतली क्रियापदं म्हणून दाखवायची. ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. आयुष्यात एवढं मराठी त्यांनी माझं कधी ऐकून घेतलं नव्हतं. मग म्हणायचे, यूज.

एकदा मी इंग्रजीही करून पाहिलं. सराट्यानं डब्याचं झाकण उचकटलं आणि विचारलं, "सांगा, यूज का युटिलाइज?" त्यांचा चेहरा असा झाला की मी सराटा खाली ठेवला. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांना उत्तर येत होतं. दारापर्यंत येऊन ते परत जात होतं. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. त्यानंतर तो प्रश्न विचारला नाही.

माझी दुसरीही एक युक्ती चालू होती. सकाळी धिरडं घालण्याआधी मी आपणच सराटा ज्वारीच्या डब्यात लपवायची आणि ओट्यापाशी उभं राहून ओरडायची, "अवो, माहा सराटा कुठी गेला?" आणि कान देऊन थांबायची. वाटे, सवयीनं तरी येईल. इतक्या वर्षांचं उत्तर आहे, जिभेला वाट माहीत असेल. पहिल्या दिवशी मधल्या खोलीतून नुसता पलंगाचा आवाज आला. मी बघितलं तर ते मान उचलून दाराकडे बघत होते. दुसऱ्या दिवशीही तसंच. पुढे पुढे मी ओरडले की ते भिंतीकडे तोंड करू लागले. मग मी तेही बंद केलं. आमच्या क्लासापुरता सोडला तर सराटा आपला गुमान खिळ्यावर राहू लागला.

भेटायला माणसं येत. ह्यांच्या चुलत घराण्यातले एक वडीलधारे बाभुळगावहून आले. मनानं वाईट नव्हते, येताना पपई घेऊन आले होते. ह्यांच्या उशाशी बसले, हात हातात घेतला, दोनदा यूज यूज ऐकलं आणि बाहेर येऊन चहा पिताना म्हणाले, "एवढी विद्वत्ता होती वं माणसाजवळ. एवढं इंग्रजी. आता काय उपयोग?"

मी मोठ्यांना उलटून बोलत नाही. त्या दिवशी बोलले. म्हटलं, "भाऊजी, उपयोग तुमाले कायले पाह्यजे? मले ते समोर पाह्यजेत. ते हायेत."

त्यांनी उरलेला चहा संपवला. पपई छान निघाली, ह्यांना कुस्करून भरवली.

दहावीच्या इंग्रजीच्या पेपराचा दिवस उजाडला. सकाळीच पोरं आली, अंघोळी करून, केस चापून, पारदर्शक पिशव्यांत पेनं घेऊन. क्लासची ही रीतच होती, इंग्रजीच्या दिवशी आधी सरांच्या पाया पडायचं आणि मग सेंटरवर. पूर्वी हे प्रत्येकाला दारात थांबवून एकेक शेवटचा प्रश्न विचारत. त्या दिवशी पोरं पलंगाभोवती ओळीनं आली. ह्यांनी डावा हात उचलून प्रत्येकाच्या डोक्यावर ठेवला. प्रत्येकाला म्हणाले, "यूज." आणि प्रत्येक पोरगं "हो सर" म्हणालं. एकही हसलं नाही. दहावीतली पोरं ती, कशालाही हसतात.

पोरं गेली. घर एकदम रिकामं झालं. मी स्वयंपाकघरात गेले, तवा ठेवला, धिरडं घातलं. मन सगळं सेंटरवर होतं. पेपर सोपा असेल का, पोरांना सुचेल का. कडा सुटल्या. खिळ्याकडे हात नेला, तर खिळा रिकामा. ओट्यावर नाही, ताटाळ्यात नाही, ज्वारीच्या डब्यात नाही. आता मी खरंच चिडले. धिरडं करपायला लागलं होतं. काही नाटक नव्हतं, त्यांची परीक्षा घेणं नव्हतं, मी नेहमीसारखी तणतणत ओरडले,

"अवो, माहा सराटा कुठी गेला?"

मधल्या खोलीत ठण्ण झालं. लोखंडावर लोखंड. मग पुन्हा, आणि पुन्हा. तीनदा.

मी धावत गेले. सकाळी वस्तू आवरताना सराटा स्टुलावर राहिला असणार. तो ह्यांच्या डाव्या हातात होता. चादरीखाली लपवून ठेवलेला, आता बाहेर काढून पलंगाच्या कडेवर आपटत होते, वर्ग गप्प करताना आपटत तसा. ओठ एका बाजूनं वर गेला होता. डोळे तर पूर्ण हसत होते. मी दारात उभी राहिलेली बघून म्हणाले,

"यूज."

पण म्हणाले ते नेहमीसारखं नाही. त्या एका शब्दाला त्यांनी जुन्या अख्ख्या वाक्याची चाल लावली. ड्युटीवर गेला हाय, पोरं सुटले का येते घरी. तोच शांत आवाज, तोच मध्ये जरासा चढ, तोच शेवटी उतार. शब्द सोडले तर सगळं होतं. मी जे मागितलं होतं ते मला मिळालं होतं, ह्यांच्याजवळ उरलेल्या एकुलत्या एका शब्दात बसवून मिळालं होतं.

मी पलंगावर बसले आणि हसले, आणि हसता हसता रडले. त्यांनी सराटा माझ्या मांडीवर ठेवला. स्वयंपाकघरातून धूर यायला लागला तेव्हा उठले. ते करपलेलं धिरडं आम्ही दोघांनी खाल्लं. काळं खरवडून काढून, बारीक तुकडे करून, दह्यात भिजवून मी त्यांना भरवलं.

त्यानंतर तो आमचा रोजचा खेळ झाला. सकाळी मी सराटा विसरल्यासारखा स्टुलावर ठेवायची, ते लपवायचे, मी घरभर शोधायची. ठण्ण ठण्ण ठण्ण. वाणी आता सुटणारच, मला खात्री वाटू लागली. उन्हाळा असा गेला. दुसरा शब्द आला नाही. श्रावणात पुन्हा झटका आला आणि त्यात तो एक शब्दही गेला, आणि चार दिवसांनी हे गेले. मी शेवटपर्यंत कंगवा घेऊन बसले होते. केस विंचरत होते त्यांचे. विचारलं काही नाही.

आता त्याला एक मार्च होऊन गेला, हा दुसरा. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंचं काय करायचं हा प्रश्न उरतो, आणि तो मी ह्यांच्या पद्धतीनं सोडवला. चाकाची खुर्ची पलीकडच्या घरातल्या आजोबांना दिली. पडून राहिली असती, कामी आली. हे म्हणाले असते, युटिलाइज. क्लासचे बाक प्रणालीच्या वस्तीतल्या विहारात नेले, तिथे संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसतात. तिथे साधं यूज चालेल. लोखंडी पलंग मी ठेवला, कडेला बारीक खाचा आहेत त्याच्या. आणि चष्मा. ह्यांचा नंबर कोणाला लागत नाही, काच एका कोपऱ्यात उडालेली, कोणाच्या काही कामाचा नाही आणि टाकवतही नाही. अशा वस्तूचं काय करतात ते ह्यांच्या चार शब्दांत मला सापडलं नाही. आमच्या मराठीत त्याला जपणं म्हणतात. त्यांना हे सांगून एकदा वादात जिंकायला मला फार आवडलं असतं.

काल दुपारी प्रणाली आली. भाऊ शिकायला अमरावतीला गेला, यंदा ही दहावीला आहे. कूलर चालू होता, क्लासच्या खोलीभर वाळ्याचा वास होता. तिनं सराव प्रश्नपत्रिका पुढे केली. "काकू, मले हे चार सारखेच वाटून राह्यले. यूज, युटिलाइज, एम्प्लॉय, अप्लाय. दादा म्हणे का तुमच्याकडे जाय, काकूले येते ते."

मला कुठलं येतं. दाराआडून ऐकलेलं तेवढं. पण मी उठले आणि खिळ्यावरचा सराटा घेऊन आले. हवेत धरला. धिरडं उलथल्यासारखं करून दाखवलं, डब्याचं झाकण उचकटलं, टेबलावर तीनदा आपटला. प्रणाली दचकली आणि मग हसली. तिला समजलं. तुपाचंही सांगितलं. मग तिनं कागदावरच्या एका वाक्यावर बोट ठेवलं. उरलेला वेळ त्यानं कसा घालवला, असं काहीतरी वाक्य होतं, आणि मधली जागा मोकळी. "याच्यात युटिलाइज येईन न काकू? उरलेला हाय म्हणून. वाया जाऊन राह्यला होता, कामी आणला."

मी कागद जवळ ओढून ते वाक्य पुन्हा वाचलं. पुस्तकाचं उत्तर तेच असणार. ह्यांनीही गुण दिले असते. पण त्या मोसमातले आमचे दिवस माझ्या डोळ्यांसमोर आले, स्टुलावरच्या वस्तू, भिजवलेलं धिरडं, ठण्ण ठण्ण. त्यातला एकही दिवस वाया जात नव्हता, मग तो कामी आणायचा प्रश्न कुठे येतो. होते तसे ते आम्ही वापरले, पार संपेपर्यंत.

"तेच लिही," मी प्रणालीला म्हटलं. "बरोबर हाय तुझं."

ती गेली. ऊन उतरलं. गच्चीवरची पाठांतरं पुन्हा सुरू झाली. एकटीच्या पोटापुरतं म्हणून मी दोन धिरड्यांचं पीठ कालवलं, तवा तापवला, पीठ पसरलं. कडा सुटू लागल्या. मी सवयीनं खिळ्याकडे हात नेला आणि खिळा रिकामा होता.

हे गेल्यापासून माझा सराटा एकदाही हरवलेला नाही. रोज जागच्या जागी असतो. त्यामुळे हात रिकामा परत आला तसं मला काही सुचलंच नाही, तोंडच आपणहून उघडलं आणि मी चांगली मोठ्यानं ओरडले,

"अवो, माहा सराटा कुठी गेला?"

आणि थांबले. समोरच्या खोलीत कूलर घरघरत होता. मी गॅस बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून. बराच वेळ तशीच उभी राहिले. मग धिरडं करपल्याचा वास सुटला, तेव्हा क्लासच्या खोलीत गेले आणि टेबलावरचा सराटा माझा मीच घेऊन आले.